साकवाला लावलेलं ठिगळ

भाऊंचा फोन आला की त्यात 'हॅलो' नसतं. मी फोन कानाला लावेपर्यंत त्यांचा प्रश्न अर्धा होऊन गेलेला असतो.

"...आणि बैलगाडीचं चाक सैल झालं, गाडी कशीबशी बाजारापर्यंत न्यायची आहे, तर तुमच्याकडे काय करतात? त्याला काय म्हणतात?"

मी तेव्हा दवाखान्याच्या रांगेत असते, नाहीतर नणंदेकडे बारशाला. एकदा तर तेराव्याच्या पंगतीत होते. विचारून सांगते म्हटलं की फोन बंद. दहा मिनिटांनी पुन्हा वाजतो. "विचारलंत?"

त्यांना निवृत्त होऊन चार वर्षं झाली. मीही सिंधुदुर्गातून बदली घेऊन बीडला, माझ्या माणसांत परत आले. तरी महिन्यातून दोनदा हा फोन येतोच, आणि आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना मी विचारत फिरते. नवऱ्याला यातलं काही कळत नाही. "पेन्शन मिळते ना त्यांना? मग एवढी घाई कसली?" तो विचारतो. घाई कसली ते मला सांगता येत नाही. पण मी त्या माणसाबरोबर तीन वर्षं एका ऑफिसात काढली आहेत, आणि तीन वर्षांत मी त्यांना घाईत नसलेलं पाहिलं नाही.

ऑफिस बांधकामाचं, उपविभागीय. मी नवी कनिष्ठ लिपिक आणि भाऊ हेडक्लार्क. उंच, सडपातळ माणूस. पांढरा शर्ट, आणि त्याचा खिसा पाठकोऱ्या कागदांनी इतका फुगलेला की लांबून वाटावं, छातीला काही बांधलंय. त्यांच्या खुर्चीवर फायली बसत. ते स्वतः उभ्यानं लिहीत, उभ्यानं चहा घेत, आणि कंत्राटदार समोर बोलत असताना व्हरांड्याच्या टोकापर्यंत जाऊन परत येत. कंत्राटदाराला कळत नसे, आपण थांबावं की त्यांच्या मागून जावं.

पहिल्याच दिवशी माझं टेबल डुगडुगत होतं म्हणून मी कागदाची घडी करून पायाखाली सरकवली. मान वर केली तर भाऊ समोर.

"हे काय केलंत?"

मी घाबरले. म्हटलं, सरकारी कागद वापरला म्हणून रागावले असतील. "टेबल हलत होतं, सर."

"ते दिसलं. याला म्हणता काय तुम्ही?"

"पॅकिंग," मी म्हणाले.

त्यांचा चेहरा पडला. "ते सगळेच म्हणतात. घरात काय म्हणतात? आजी काय म्हणते?"

मला आठवायला वेळ लागला. "टेकण म्हणते."

त्यांनी खिशातून एक कागद काढला, भिंतीला लावून त्यावर लिहिलं, खाली माझ्या गावाचं नाव लिहिलं आणि निघून गेले. माझी ओळख, माझं शिक्षण, राहायची सोय, काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र मी यायच्या आत टेबलाच्या त्या पायाखाली सुताराकडून करून आणलेली लाकडी चकती बसवलेली होती.

हा नाद त्यांना कुठून लागला, ते मला शेवटपर्यंत नीट कळलं नाही. मला त्यांनी सांगितलं होतं ते वेंगुर्ल्याच्या एका भांडी जोडणाऱ्या माणसाबद्दल. लहानपणी आईबरोबर तांब्या घेऊन गेले होते. तो माणूस म्हणाला, "डाग दिवचो लागतलो." पितळ जोडताना तो जो टाका देतो, त्याला डाग म्हणतात. तिथून यांच्या डोक्यात बसलं, की डागडुजीतला डाग हाच असणार. मग डुजी काय? दुजी म्हणजे दुसऱ्यांदा का? की नुसतं बोलताना मागे लागलेलं शेपूट? चाळीस वर्षं त्या शेपटाच्या मागे होते. शिपायाला मात्र त्यांनी वेगळंच कारण सांगितलं होतं, आणि साहेबांना तिसरं. तिन्ही खरी असतील.

त्यांची खरी बेचैनी होती ती एका शब्दामुळे, जुगाड. आमच्या ऑफिसातले तरुण इंजिनिअर उठता-बसता तो वापरायचे. पाइपला चिंधी गुंडाळली, जुगाड. तुटक्या फाटकाला तार बांधली, जुगाड. भाऊंना तो शब्द ऐकू आला की त्यांचं बोलणं तुटायचं. ते मला म्हणायचे, "शब्द वाईट नाही हो. वरच्या मुलखातून आलाय, धडधाकट आहे. पण हा आला आणि बाकीचे सगळे घरातून बाहेर काढले. चिंधी, टेकू, पाचर, ठिगळ, टाका, लिंपण. प्रत्येकाचं काम वेगळं होतं. आता सगळ्यांच्या जागी हा एकटा." आणि मग हातातला चहा तसाच ठेवून स्कूटर काढायचे. जेवणाच्या सुट्टीत कुठल्यातरी माणसाला गाठायला. तो माणूस सत्तरीच्या पुढचा असे आणि त्याचं दुकान पुढच्या वर्षी बंद होणार असे.

एकदा आरोंद्याला कामाच्या पाहणीसाठी जीपमधून निघालो होतो. खाडीच्या कडेला एक होडी उलटी घातलेली होती आणि एक म्हातारा सुतार फळ्यांच्या फटींत कापूस ठासत बसला होता. जीप पुरती थांबायच्या आत भाऊ खाली.

"ह्या कामाक काय म्हणतत हंय?"

"कलापती," सुतार मान वर न करता म्हणाला.

भाऊंचे डोळे चमकले. वेंगुर्ल्याला त्यांनी 'कलफत' ऐकला होता. मूळ पोर्तुगीज, गोव्यातून आलेला, असं त्यांनी तिथेच उभ्या उभ्या त्या सुताराला समजावून सांगितलं.

"असात," सुतार म्हणाला. "बापूस म्हणी, म्हणान मी म्हणतंय."

"किती दिस टिकात?"

आता मात्र त्यानं हातोडी खाली ठेवली. "ह्या वर्साची मासळी मारून होयत. फुडल्या वर्सा परत ठासूचा."

परत जीपमध्ये आल्यावर भाऊंनी मला त्यांचं सगळं गणित सांगितलं. हे सगळे शब्द दोन गोष्टी सांगतात, असं त्यांचं म्हणणं. एक, हे काम किती टिकेल. चिंधी बांधली म्हणजे घर गाठेपर्यंत. थुंकी लावून चिकटवलं म्हणजे दारातून बाहेर पडेपर्यंत. कलापती एक हंगाम. डाग दिला म्हणजे भांडं झिजेपर्यंत. आणि दुसरी गोष्ट, जोड दिसतो की लपतो. रफू केलं ते दिसता कामा नये. ठिगळ लावलं ते दिसतं. "ठिगळ प्रामाणिक असतं," ते म्हणाले. "इथे फाटलं होतं, असं ते तोंडानं सांगतं." मग स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "पण ठिगळ मुळात आलं कुठून, ते काही मला लागत नाही."

या माणसात एक उणेपणाही होता. तो मला एकदा वेंगुर्ल्याच्या बंदरावर दिसला. एका मासेवाल्या बाईच्या चपलेचा पट्टा तुटलेला होता आणि तिनं तो जाळ्याच्या दोऱ्यानं बांधला होता. भाऊ वाकले, चप्पल निरखली आणि विचारलं, याला काय म्हणतात. बाईनं पाय मागे घेतला.

"माझी गरिबी लिवन घेतंस?" ती म्हणाली.

भाऊ कागद हातात धरून तसेच उभे राहिले. मी त्यांना हाताला धरून बाजूला नेलं. त्यानंतर दोन दिवस त्यांचा खिसा रिकामा होता. तिसऱ्या दिवशी पुन्हा खिसा फुगायला लागला. वस्तूकडे बघताना वस्तू ज्याची आहे तो माणूस त्यांना दिसेनासा व्हायचा. मुद्दाम नव्हे. तेवढं थांबायला त्यांना सवडच नसायची.

आणि मग तो साकव आला.

साकव म्हणजे व्हाळावरचा, आमच्या भाषेत ओढ्यावरचा, लहान पूल, माणसांनी पायी जायचा. धामापूरच्या रस्त्याला आतल्या अंगाला एक वाडी आहे, पंधरा-वीस घरांची. वाडी आणि डांबरी रस्ता यांच्यामध्ये व्हाळ, आणि व्हाळावर जुना सिमेंटचा साकव. त्याच्या मधल्या भागाला तडा गेला होता. कंत्राटदाराला काम दिलं, त्यानं ते केलं, कठड्याला रंगही काढला. काम पूर्ण झाल्याची फाइल भाऊंकडे टिप्पणी लिहायला आली.

त्या वाडीत भाऊंची धाकटी बहीण दिली होती. भाऊ एकटेच, लग्न केलं नव्हतं, तेव्हा दर सणाला जेवायला तिथेच. बहिणीच्या नवऱ्याला वर्षभरापूर्वी अर्धांगाचा झटका आला होता. आठवड्यातून तीनदा त्याला व्यायामासाठी दवाखान्यात न्यावं लागे. रिक्षा साकवाच्या पलीकडेच थांबायची. दोघं जण त्याला खुर्चीत घालून साकवावरून रिक्षेपर्यंत आणायचे.

एका रविवारी बहिणीकडे गेलेले असताना भाऊ साकवाखाली उतरले होते. सोमवारी त्यांनी फाइलवर लिहिलं: "सदर साकवास ठिगळ लावण्यात आले आहे. यास दुरुस्ती म्हणता येणार नाही."

साहेबांनी त्यांना आत बोलावलं. आमचे साहेब, म्हणजे उपअभियंता, पुण्याकडचे. माणूस वाईट नव्हता. मुलगी दहावीला होती आणि वर्षभर कुठलाही गोंधळ न होता जागेवर राहायचं, एवढीच त्यांची इच्छा. मी सह्यांसाठी कागद घेऊन तिथेच उभी होते.

"भाऊ, हे काय लिहिलंय?"

"ठिगळ, साहेब."

"ते मला वाचता येतं. टिप्पणीत असं कोणी लिहितं का?"

"दुसरा शब्द बसला असता तर लिहिला असता. मलमपट्टी लिहिणार होतो. पण पट्टीखाली जखम भरून येते, तिथे काही भरून येणार नाही. डागडुजी लिहावी, तर काही जोडलेलंच नाही. तड्यावर लोखंडी पत्रा टाकलाय आणि वरून सिमेंट फिरवलंय."

"मग दुरुस्ती लिहा. सगळे तेच लिहितात."

"दुरुस्त म्हणजे ठीक, साहेब. फारसी शब्द आहे. पूल पूर्वीसारखा ठीक झाला, असा अर्थ होतो. ते माझ्या अक्षरात राहील."

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "शब्द आहे हो भाऊ, नुसता शब्द."

"माझं काम तेवढंच आहे, साहेब," भाऊ म्हणाले. ते दारापर्यंत जाऊन परत आले होते.

फाइल तीन दिवस साहेबांच्या कपाटावर पडून राहिली. चौथ्या दिवशी साहेबांनी खाली 'सादर' एवढंच लिहून ती वर पाठवली. वर कोण वाचतंय, असं त्यांना वाटलं असावं. पण वर कोणीतरी वाचली. पंधरा दिवसांत तपासणी झाली, आणि एप्रिलच्या शेवटी साकवाच्या दोन्ही तोंडांना पिंपं उभी राहिली, बांबू आडवे बांधले गेले आणि पाटी लागली: धोकादायक, वापर बंद. नवा साकव 'प्रस्तावित' होता. प्रस्तावित म्हणजे काय, ते आमच्या ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं.

त्या आठवड्यात भाऊ आनंदात होते असं म्हणवत नाही, पण ताठ चालत होते. एक शब्द बरोबर पडला होता.

मग त्यांची बहीण ऑफिसात आली. मी तिला तोवर पाहिलं नव्हतं. भाऊंसारखीच उंच, हातात छत्री, पायांना गुडघ्यापर्यंत व्हाळाचा चिखल. ती दारातच थांबली.

"तूच लिवलंस ना ता?"

"आत ये गो," भाऊ म्हणाले. "बस."

"बसूक नाय इलंय. त्यांका रिक्षेत घालूचे तर आता बांधावरसून फिरवन नेवचे लागतत. एक तास जाता. चार माणसा लागतत. चार माणसा मी दर येळाक खंयसून हाडू? दोन खेपा चुकल्यो. त्यांचो हात परत आकडूक लागलो."

"अगो, साकव पडलो असतो."

"पडलो असतो तेवा पडलो असतो. आज आमी जाय होतो." तिचा आवाज चढला नाही. ती उलट हळू झाली. "तू अख्ख्या जिल्ह्याक इचारीत फिरतंस, ह्येका काय म्हणतत आणि तेका काय म्हणतत. माका एकदा तरी इचारलंस? साकव बंद झालो तर तू काय करशी, म्हणान?"

ऑफिसातले सगळे फायलींत डोकं घालून बसले होते. भाऊंचा हात खिशातल्या कागदांवर गेला. ती छत्री घेऊन निघून गेली. शिपायानं तिच्यासाठी आणलेला चहा कोणी प्यायला नाही.

पुढचे तीन आठवडे भाऊंनी कोणाला काही विचारलं नाही. स्कूटर व्हरांड्यापुढे उभीच असायची. ते खिडकीपाशी जायचे, पेन उघडायचे, मिटायचे, परत उघडायचे. रविवारी ते वाडीत गेले होते, हे मला शिपायाकडून कळलं. बहिणीनं दार उघडलं, पाणी दिलं आणि आत निघून गेली. बोलली नाही. नंतर भाऊंनी आठ दिवसांची रजा टाकली. कारण लिहिलं, 'घरगुती काम'. त्यांच्या नोकरीतली ती पहिलीच लांब रजा असावी, कारण अर्ज कुठल्या नमुन्यात करायचा ते त्यांनी मला विचारलं.

जूनच्या तोंडावर साहेबांनी मला आणि शिपायाला त्या वाडीत नोटिसा वाटायला पाठवलं. पाऊस जवळ आलाय, बंद साकवाचा वापर करू नये, अशी नोटीस. आम्ही पिंपांपाशी जीप सोडली आणि बांधावरून चालायला लागलो. वरच्या अंगाला, साकवापासून हाकेच्या अंतरावर, माणसांचा आवाज येत होता.

वाडीतली दहा-बारा माणसं व्हाळात उतरली होती. पोफळीची लांब सोटं कापून आणली होती. दोन फांट्यांचे खांब पात्रात रोवले होते आणि त्यांवर तीन-तीन सोटं शेजारी शेजारी ठेवून ती सुंभानं बांधायचं काम चाललं होतं. काठावरच्या दगडावर एक म्हातारा बसून हुकूम सोडत होता, वाडीत सगळे त्याला आबा म्हणत. आणि मांडीपर्यंतच्या पाण्यात, बनियनवर, सुंभाचं टोक दोन्ही हातांत धरून भाऊ उभे होते. तळवे सोलले होते. मला बघून त्यांनी मान हलवली, जशी ऑफिसात हलवत.

आबांनी एका खांबाशी सुंभ फिरवून दाखवला, एकदा वरून, एकदा खालून, आणि टोक मधून काढलं.

"आबा, ह्या गाठीक काय म्हणतत?" भाऊंच्या तोंडून निघून गेलं.

"नाव कशाक होया?" आबा म्हणाले. "ओड."

भाऊंनी ओढली.

पुढचा तासभर मी काठावर नोटिसा हातात घेऊन उभी राहिले. शिपायानं हळूच विचारलं, "मॅडम, ह्येचा काय करूचा? ह्यो साकव नोटिशीत बसता काय?" मी नोटीस पुन्हा वाचली. ती जुन्या साकवाबद्दल होती. मी म्हटलं, आपण घरोघरी देऊ आणि सही घेऊ. आम्ही तेवढंच केलं.

परत आलो तेव्हा काम संपलं होतं. एका बाजूला हाताला धरायला आडवा बांबू बांधला होता. आधी एक तरुण माणूस चालून पलीकडे गेला. मग दोघं मिळून तांदळाचं पोतं घेऊन गेले. मग आबांनी भाऊंकडे पाहिलं.

"पावसात सुंभ सैल जातलो. दर आठ दिसांनी कोणीतरी येवन आवळूक होयो. हंय पोरगे सगळे कामार जातत. कोण येतलो?"

"मी येतलंय," भाऊ म्हणाले.

"शेहरातसून?"

"येतलंय म्हटलंय मा."

बहिणीच्या नवऱ्याला त्या दिवशी दवाखान्यात न्यायचं होतंच. त्याला खुर्चीत बसवून आणलं. एक पुढे, एक मागे. बारीक माणूस होता, पण चांगल्या हातानं त्यानं खुर्ची घट्ट धरली होती. साकवाच्या मध्यावर गेल्यावर मधलं सोट दबलं. सुंभ करकरला. पुढचा थांबला, त्याला पुढेही जाता येईना आणि मागेही वळता येईना. भाऊ अजून पाण्यात होते. ते तसेच पुढे गेले, सोटाखाली खांदा दिला आणि दोन्ही हातांनी ते वर रेटून धरलं. पाणी त्यांच्या छातीला लागत होतं.

"चला," ते म्हणाले. "धरलंय मी."

दोघं सावकाश पुढे गेले. मी मोजत नव्हते, पण मला त्यांचा प्रत्येक पाय आठवतो. खुर्ची पलीकडच्या काठावर टेकली तेव्हा बहीण सगळ्यांच्या मागून साकवावर आली. भाऊंच्या डोक्यावरून चालत गेली आणि पलीकडे पोचल्यावर मागे वळली.

"भिजलंस," ती म्हणाली. तीन आठवड्यांतला तो पहिला शब्द. "घरात त्यांची लुंगी आसा. बदल. मी येयसर जेवन खा, थंड करू नको."

"तुका इचारूक होया होता गो," भाऊ पाण्यातून म्हणाले.

"होया होता," ती म्हणाली आणि रिक्षेकडे गेली.

ऑफिसात साहेबांनी मला विचारलं, तिकडे काय चाललंय. मी म्हटलं, नोटिसा दिल्या, साहेब, सह्या आणल्यात. त्यांनी सह्यांचा कागद फाइलला लावायला सांगितला.

भाऊ त्या पावसाळ्यात दर रविवारी वाडीत जात होते. ऑगस्टमध्ये त्यांची बदली झाली, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. आदेशात 'प्रशासकीय कारण' लिहिलं होतं. ठिगळामुळे झाली की पाळी होती म्हणून, ते कोणालाच सांगता आलं नसतं. जाताना त्यांनी मला त्यांच्या कपाटाची किल्ली दिली, पाठकोऱ्या कागदांचे सात गठ्ठे पिशवीत घातले आणि चहा न पिताच निघाले. रविवारी मात्र तिकडून दोन गाड्या बदलून वाडीत येत. बहीणच मला एकदा बाजारात भेटली तेव्हा म्हणाली. पाऊस कसाही असो, सकाळी दहाला सुंभ घेऊन व्हाळात उतरलेला असतो. आबा वर दगडावर बसून ओरडत असतात. नवऱ्याचा हात थोडा सुटलाय, वाटी धरतो.

नव्या साकवाचं काम पुढच्या वर्षी दिवाळीनंतर सुरू झालं. आधी जुना तोडायचा होता. साहेब स्वतः आले, मी नोंदी घ्यायला बरोबर होते. एका मजुरानं तड्यावरच्या सिमेंटात पहार घातली आणि सहज दाबली. सिमेंट कवच निघावं तसं निघालं आणि पत्रा एका बाजूनं उचलला गेला. खाली काँक्रीट नव्हतंच. कोंबलेलं पोतं होतं. मजुरानं पहारीनं ते ढकललं तसं ते खाली पाण्यात पडलं आणि त्या भोकातून आम्हाला व्हाळ वाहताना दिसला. नितळ, तळाचे गोटे मोजता येतील असा.

साहेब गुडघ्यांवर हात ठेवून वाकले आणि बघत राहिले. मजूर थांबले होते. पुढे काय करायचं ते सांगायचं साहेबांच्या लक्षात राहिलं नाही, मीच त्यांना सुरू करा म्हटलं.

परतताना जीपमध्ये ते पुढे बसले होते. धामापूरचं तळं मागे गेलं. मग मान न वळवता त्यांनी विचारलं, "ठिगळ हा शब्द मुळात कुठला? भाऊ काही म्हणाले होते का तुम्हाला?"

"नाही साहेब. त्यांना अजून सापडलेला नाही."

"नंबर आहे त्यांचा?"

मी सांगितला. साहेबांनी तिथेच लावला. "भाऊ, मी बोलतोय," ते म्हणाले, आणि ऑफिसच्या दारात जीप उभी राहीपर्यंत नुसते ऐकत राहिले.